अँटिव्हायरस : जुन्याचे नूतनीकरण करावे की नवा घ्यावा?

वसईच्या किल्ल्याशेजारी, खाडीच्या मुखाशी वसलेल्या पाचूबंदरात संगणक ही आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. मुलांचा अभ्यास, जहाजावर किंवा परदेशी नोकरीला असलेल्या मुलाशी होणारे बोलणे, बँकेचे व्यवहार, मच्छीमार संस्थेचा डिझेलचा व बर्फाचा हिशेब, धर्मग्रामाच्या कार्यालयातील बाप्तिस्मा व विवाहाच्या नोंदींची यादी अशी अनेक कामे संगणकावर होतात. या संगणकांपैकी अनेकांवर विषाणूंपासून रक्षण करणारे अँटिव्हायरस सॉफ्टवेअर बसवलेले असते. वर्ष संपत आले की पडद्याच्या कोपऱ्यात एक सूचना झळकू लागते : ‘आपल्या संरक्षणाची मुदत संपत आहे. त्वरित नूतनीकरण करा.’

ही सूचना दिसली की घरात दोन मते पडतात. एक म्हणतो, आहे तेच पुढे चालू ठेवावे. दुसरा म्हणतो, नूतनीकरणासाठी मागतात त्यापेक्षा दुकानातला नवा डबा स्वस्त आहे, मग तोच का घेऊ नये? दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे. मात्र कोणता पर्याय केव्हा योग्य हे समजून घेतले नाही तर पैसे वाया जातात. तसेच नूतनीकरणाच्या घाईचा फायदा घेऊन फसवणूक करणारेही कमी नाहीत. म्हणून हा विषय मुळापासून पाहू.

आपण पैसे नेमके कशाचे भरतो?

अँटिव्हायरस विकत घेणे म्हणजे कपाट विकत घेण्यासारखे नाही. कपाट एकदा घेतले की ते कायमचे आपले होते. अँटिव्हायरसच्या बाबतीत आपण ठरावीक मुदतीचा हक्क विकत घेतो. या मुदतीत कंपनी आपल्या संगणकाला नव्या विषाणूंची माहिती, म्हणजे अपडेट, पुरवत राहते. कालपर्यंत ठाऊक नसलेला विषाणू आज पसरू लागला तर त्याची ओळख या अपडेटद्वारेच संगणकाला पटते. वर्षभर हे काम करणाऱ्या तंत्रज्ञांचा खर्च आपल्या वार्षिक वर्गणीतून भागतो.

या व्यवसायात आपल्या महाराष्ट्राचेही नाव आहे. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर हे प्रारंभी पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीचे काम करीत. पुढे ते संगणक दुरुस्तीकडे वळले. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांपैकी कित्येक विषाणूंनी बिघडलेले असत. त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी त्यावर उपाय म्हणून सॉफ्टवेअर लिहिले आणि त्यातून ‘क्विक हील’चा जन्म झाला. ‘कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस’ या नावाने १९९५ साली सुरू झालेल्या या कंपनीने २००७ साली ‘क्विक हील टेक्नॉलॉजीज’ हे नाव धारण केले आणि २०१६ साली तिचे समभाग शेअर बाजारात आले. त्या आरंभीच्या काळात घरोघरी इंटरनेट नव्हते. नवे अपडेट फ्लॉपीवरून आणून संगणकात भरावे लागे. आज ते दिवसातून अनेकदा आपोआप उतरते. परंतु मुदत संपली की हा ओघ थांबतो.

सॉफ्टवेअर संगणकात तसेच राहते, त्याचे चिन्हही दिसत राहते. म्हणून सारे ठीक आहे असा समज होतो. हा समज धोकादायक आहे. कालबाह्य अँटिव्हायरस जुने विषाणू कदाचित ओळखेल, परंतु नव्यांपुढे तो आंधळा असतो.

नूतनीकरण आणि नवी खरेदी यांतील फरक

नूतनीकरणात जुने लायसन्स कायम राहते आणि फक्त त्याची मुदत वाढते. सॉफ्टवेअर काढावे लागत नाही, केलेल्या सेटिंग बदलत नाहीत. पालकांनी मुलांसाठी काही संकेतस्थळे बंद केली असतील तर तीही बंदच राहतात. आणि बहुतेक कंपन्यांच्या बाबतीत मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण केल्यास उरलेले दिवस बुडत नाहीत, ते नव्या मुदतीत मिळवले जातात.

नव्या खरेदीत नवी प्रॉडक्ट की मिळते. ती जुन्याच कंपनीची असेल तर काही वेळा आहे त्याच सॉफ्टवेअरमध्ये ती टाकता येते. काही वेळा जुने काढून नवे बसवावे लागते. कंपनी निराळी असेल तर जुने पूर्णपणे काढणे अपरिहार्य असते. दोन अँटिव्हायरस एकाच संगणकावर ठेवले तर संरक्षण दुप्पट होत नाही. ते एकमेकांच्याच कामात अडथळा आणतात आणि संगणक मंदावतो.

येथे एक बारकावा आहे. दुकानातून आणलेल्या डब्याची मुदत साधारणतः ती की संगणकात प्रथम टाकल्याच्या दिवसापासून मोजली जाते. याउलट इंटरनेटवरून घेतलेल्या काही लायसन्सची मुदत पैसे भरल्याच्या दिवसापासूनच सुरू होते, मग आपण ते महिनाभराने बसवले तरीही. त्यामुळे मुदत कोणत्या दिवसापासून धरली जाते, हा प्रश्न खरेदीपूर्वीच विचारला पाहिजे.

नव्या ग्राहकाला स्वस्त, जुन्याला महाग?

वर्षभर निष्ठेने वापरणाऱ्या ग्राहकाला जास्त दर आणि अनोळखी ग्राहकाला सवलत, हा प्रकार अनेकांना अन्यायाचा वाटतो. त्यामागे व्यापाराचे साधे गणित आहे. नवा ग्राहक मिळवण्यासाठी कंपन्यांमध्ये चुरस असते, म्हणून पहिल्या वर्षाचा दर मुद्दाम कमी ठेवतात. एकदा सवय झाली की ग्राहक सहसा बदलत नाही, हे ओळखून पुढील वर्षी पूर्ण दर लावला जातो. शिवाय दुकानदार आपल्या नफ्यातून थोडी सूट देऊ शकतो. पडद्यावरच्या सूचनेतून थेट कंपनीकडे पैसे भरताना ती सूट मिळत नाही.

दर ताडून पाहताना करही ध्यानात घ्यावा. सॉफ्टवेअरवर १८ टक्के जीएसटी आहे. डब्यावरील कमाल किमतीत तो समाविष्ट असतो. संकेतस्थळावरचा दर मात्र कधी कर धरून तर कधी कर वगळून दिलेला असतो. करासहित अंतिम रक्कम समोर आल्याशिवाय तुलना करू नये.

हिशेब कसा मांडावा?

उदाहरणासाठी काही आकडे कल्पू. समजा, एका वर्षाच्या नूतनीकरणासाठी ९०० रुपये पडतात आणि त्याच कंपनीचा नवा डबा ८०० रुपयांना मिळतो. जुन्या मुदतीचे ६० दिवस शिल्लक आहेत.

नूतनीकरण केले तर ९०० रुपयांत पूर्ण ३६५ दिवस वाढून मिळतील, म्हणजे दिवसाला सुमारे २ रुपये ४७ पैसे. नवा डबा आणून तो आजच बसवला आणि शिल्लक दिवस बुडाले, तर प्रत्यक्षात ३०५ दिवसच वाढले. ८०० रुपयांना ३०५ ने भागल्यास दिवसाला सुमारे २ रुपये ६२ पैसे होतात. वरकरणी स्वस्त दिसणारा डबा महाग पडला. परंतु तोच डबा आणून ठेवला आणि जुन्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी बसवला, तर दिवसाचा खर्च सुमारे २ रुपये १९ पैसे येतो. आता डबा स्वस्त ठरला.

तात्पर्य, केवळ किंमत पाहून निर्णय होत नाही. ‘या पैशांत माझे किती दिवस वाढले?’ हा खरा प्रश्न आहे. किमतीतला फरक थोडा असेल आणि मुदत बरीच शिल्लक असेल तर नूतनीकरण बरे. फरक मोठा असेल तर नवी खरेदी करावी आणि ती मुदतीच्या अखेरीस वापरात आणावी. घरात दोन-तीन संगणक असतील तर प्रत्येकाचे स्वतंत्र नूतनीकरण करण्यापेक्षा तीन संगणकांचा एकत्र संच बहुधा परवडतो. मात्र तिन्हींच्या मुदती वेगवेगळ्या महिन्यांत संपत असतील तर वरील हिशेब प्रत्येकासाठी मांडून पाहावा.

तीन वर्षांचे एकदम घ्यावे का, असेही विचारले जाते. दर वर्षाला पडणारा खर्च त्यात कमी होतो हे खरे. तथापि तीन वर्षांत संगणक बदलू शकतो, आणि कधी कधी परिस्थितीही. २० जून २०२४ रोजी अमेरिकेच्या सरकारने कॅस्परस्की या मूळच्या रशियन कंपनीच्या विक्रीवर त्या देशात बंदी जाहीर केली आणि २९ सप्टेंबर २०२४ नंतर अपडेट देण्यासही मनाई केली. तेथील ग्राहकांना त्यांच्या उरलेल्या मुदतीसाठी दुसऱ्याच कंपनीच्या सॉफ्टवेअरकडे वळवण्यात आले. ही बंदी भारतात नाही. परंतु लांब मुदतीचे पैसे आगाऊ भरताना काय जोखीम असते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

आपोआप होणारे नूतनीकरण

इंटरनेटवरून कार्डाने खरेदी करताना पुष्कळदा ‘आपोआप नूतनीकरण’ ही सोय आधीच चालू केलेली असते. वर्ष संपताच पुढील वर्षाची रक्कम खात्यातून वळती होते. आपण दरम्यान दुसरे सॉफ्टवेअर घेतले असले तरी जुन्याचे पैसे जातातच. ही तक्रार केवळ आपल्याकडची नाही. ग्राहकांना पुरेशी कल्पना न देता नूतनीकरणाचे पैसे आकारल्याच्या प्रकरणी २००९ साली सिमँटेक आणि मॅकॅफी या दोन मोठ्या कंपन्यांनी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांशी तडजोड केली आणि प्रत्येकी ३,७५,००० डॉलर भरले.

भारतात रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी या बाबतीत ग्राहकाला चांगले संरक्षण दिले आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या व्यवस्थेनुसार असा व्यवहार प्रथम नोंदवताना ग्राहकाची अतिरिक्त पडताळणी आवश्यक असते, आणि प्रत्येक वेळी पैसे वळते करण्यापूर्वी किमान २४ तास आधी बँकेने ग्राहकाला सूचना पाठवावी लागते. ती सूचना पाहून तो व्यवहार थांबवता येतो. म्हणून बँकेचे एसएमएस न वाचता पुसून टाकू नयेत. ज्यांच्या खात्याला परदेशी असलेल्या मुलाचा मोबाइल क्रमांक जोडलेला आहे, त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. सूचना तिकडे जाते आणि पैसे इकडे कापले जातात.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकांची दिशाभूल करणाऱ्या १३ ऑनलाइन क्लृप्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. वर्गणी रद्द करणे मुद्दाम अवघड करून ठेवणे ही त्यांतली एक होय. अशी अडवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

मुळात विकत घ्यायलाच हवे का?

हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारायला हवा. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर हा अँटिव्हायरस विंडोजमध्येच अंतर्भूत असतो आणि त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. स्वतंत्र संस्थांच्या चाचण्यांतही त्याने अलीकडच्या वर्षांत चांगले गुण मिळवले आहेत. एका घरगुती संगणकावर अभ्यास, ई-मेल आणि पत्रव्यवहार एवढेच चालत असेल, तर डिफेंडर चालू ठेवून नूतनीकरणाचे पैसे वाचवणे हा निष्काळजीपणा नव्हे. मुलांवर देखरेख, अनेक संगणकांचे एकत्रित नियंत्रण, अडचणीच्या वेळी मराठीत बोलणारा मदतनीस अशा गोष्टींची गरज असेल, तर विकतचे सॉफ्टवेअर उपयोगी ठरते. संस्थेच्या वा कार्यालयाच्या संगणकांबाबत म्हणूनच वेगळा विचार करावा लागतो.

त्याहून महत्त्वाची बाब म्हणजे विंडोजचे स्वतःचे अपडेट. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. त्यानंतरही सुरक्षा अपडेट हवे असतील तर ठरावीक मुदतीच्या विस्तारित योजनेत नाव नोंदवावे लागते, किंवा विंडोज ११ कडे जावे लागते. खुद्द विंडोजचे अपडेट बंद पडलेल्या संगणकावर महागडा अँटिव्हायरस बसवणे म्हणजे तळाला भोक पडलेल्या होडीला नवा रंग देणे होय.

याचा प्रत्यय २०१७ साली आला. मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने जगभरातील संगणक ठप्प केले. ज्या त्रुटीतून तो शिरला, ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिले होते. ज्यांनी ते घेतले नव्हते ते अडकले. पुढे २७ जूनला ‘नॉटपेट्या’चा हल्ला झाला. त्यात मर्स्क या नौकानयन कंपनीची यंत्रणा कोलमडली आणि आपल्या शेजारच्या न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. पुढे प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार मर्स्कच्या जाळ्याची मुख्य माहिती जगभर पुसली गेली होती. केवळ घाना देशातील एक संगणक वीज गेल्यामुळे त्या वेळी बंद होता म्हणून वाचला, आणि त्याच्या आधारे सारी यंत्रणा पुन्हा उभी राहिली.

एवढ्या मोठ्या कंपनीला वीज जाण्याच्या योगायोगाने तारले. आपण योगायोगावर विसंबू नये. मच्छीमार संस्थेचा हिशेब असो वा धर्मग्रामाच्या नोंदी, त्यांची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क काम झाल्यावर संगणकापासून काढून ठेवावी. ही डिस्क एकदाच विकत घ्यावी लागते. तिचे नूतनीकरण नसते, मात्र ती अधूनमधून तपासावी लागते.

नूतनीकरणाच्या नावाने फसवणूक

सर्वांत मोठे नुकसान वर्गणीच्या दरातील फरकाने होत नाही, ते फसव्या निरोपांनी होते. ‘आपल्या अँटिव्हायरसचे नूतनीकरण झाले असून खात्यातून मोठी रक्कम वजा होत आहे, नको असल्यास या क्रमांकावर फोन करा’ असा ई-मेल येतो. घाबरून फोन केला की पलीकडचा माणूस गोड बोलून पैसे परत करण्याचे आश्वासन देतो. त्यासाठी तो संगणकावर किंवा मोबाइलवर एक ॲप उतरवायला सांगतो. त्या ॲपमधून त्याला आपला पडदा दिसू लागतो आणि खाते रिकामे होते. एनीडेस्कसारख्या दूरनियंत्रण ॲपचा असा गैरवापर होत असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने २०१९ सालीच बँकांना दिला होता.

दुसरा प्रकार म्हणजे एखादे संकेतस्थळ पाहताना अचानक मोठा आवाज होऊन ‘तुमच्या संगणकात विषाणू सापडले आहेत’ अशी पाटी झळकते. ही पाटी अँटिव्हायरसची नसते, त्या संकेतस्थळाचीच असते. ती बंद होत नसेल तर संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा. पाटीवरील क्रमांकावर कदापि फोन करू नये.

घरी एकटे असलेले ज्येष्ठ या जाळ्यात लवकर सापडतात. आपल्या संगणकावर कोणत्या कंपनीचे सॉफ्टवेअर आहे आणि त्याची मुदत कधी संपते, हे त्यांना ठाऊक नसते. ते एका कागदावर लिहून संगणकाजवळ चिकटवले तर खोटा निरोप ओळखणे सोपे जाते. पैसे गेलेच तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय सायबर गुन्हे हेल्पलाइनवर कळवावे आणि बँकेलाही सांगावे. तक्रार जितकी लवकर होते, तितकी रक्कम वाटेतच रोखली जाण्याची शक्यता अधिक.

मुदत संपण्यापूर्वी हे करावे

१. अँटिव्हायरस स्वतः उघडून मुदतीची तारीख पाहावी. ई-मेलमधील किंवा फोनवरील तारखेवर विश्वास ठेवू नये.

२. नूतनीकरणाचा दर, नव्या डब्याचा दर आणि शिल्लक दिवस कागदावर मांडून दिवसाचा खर्च काढावा.

३. शिल्लक दिवस मिळवले जातात का, नवी की आहे त्याच सॉफ्टवेअरमध्ये चालते का, हे विक्रेत्याला किंवा कंपनीला विचारावे.

४. पैसे भरायचे असल्यास सॉफ्टवेअरमधील बटणाने किंवा कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करून जावे. ओळखीच्या दुकानातून घेतल्यास पावती घ्यावी. केवळ की लिहिलेला, अतिशय स्वस्त कागद घेऊ नये. एकच की अनेकांना विकलेली असेल तर ती मध्येच बंद पडू शकते.

५. कंपनी बदलणार असल्यास आधी जुन्याचे आपोआप नूतनीकरण रद्द करावे. नवे सॉफ्टवेअर हाताशी आले की जुने काढावे, संगणक पुन्हा सुरू करावा आणि लगेच नवे बसवावे.

६. काहीच विकत घ्यायचे नसेल तर जुने काढून टाकावे आणि डिफेंडर चालू झाला आहे याची विंडोजच्या सुरक्षा विभागात जाऊन खात्री करावी. मुदत संपलेले सॉफ्टवेअर तसेच ठेवू नये.

७. संगणकात आधीच काही शिरल्याचा संशय असल्यास केंद्र सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’ची मदत घ्यावी. फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झालेल्या या केंद्राच्या संकेतस्थळावर सफाईची साधने विनामूल्य मिळतात.

पाचूबंदरच्या कोळी बांधवांना मुदतीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. मासेमारीचा परवाना व नौकेचा विमा वेळेवर नवा करावा लागतो, आणि पावसाळी बंदी लागताच नौका ओढून शाकारावी लागते. संगणकाच्या मुदतीची तारीखही त्याच कागदपत्रांसोबत लिहून ठेवावी आणि तिच्या महिनाभर आधी वरील हिशेब मांडावा. महिना हाताशी असला की दर विचारायला, दोन दुकाने पाहायला आणि संशयास्पद फोन खाली ठेवायला पुरेसा अवधी मिळतो.